फेरीला किती झटके?

दिवाळी उलटली की मराठवाड्यातला वारा पडतो आणि घरावरची छोटी पवनचक्की दिवसचे दिवस नुसती उभी राहते. अशा रिकाम्या यंत्रावर कुंभारीण माशीचा डोळा असतो. चिखलाच्या चिमुकल्या गोळ्या आणून ती पात्याच्या आडोशाला घर लिंपते, आत डंख मारून लुळ्या केलेल्या अळ्या किंवा कोळी भरते, सोबत आपलं अंडं ठेवते, तोंड बुजवते आणि जाते ती जातेच. पुढे मृग निघतो, वाऱ्याला जोर येतो, चक्की भिरभिरायला लागते आणि खालचा लोखंडी खांब थरथरू लागतो. मालक म्हणतो, बेअरिंग गेलं. बेअरिंग मात्र ठणठणीत असतं.

चिमूटभर चिखलाने खांब कसा हलेल? हिशेबच मांडू. चक्कीचा व्यास दोन मीटर धरा, म्हणजे पात्याचं टोक मध्यापासून एक मीटरवर. बऱ्या वाऱ्यात ती मिनिटाला ५०० फेरे घेते. टोकापाशी २० ग्रॅम माती चिकटली असेल, तर ती माती मधल्या हबला बाहेरच्या दिशेने सुमारे ५५ न्यूटन जोराने ओढते. साडेपाच किलोचं वजन टांगावं तेवढी ही ओढ. आणि टांगलेलं वजन निदान एकाच दिशेला ओढतं. ही ओढ सेकंदाला आठ वेळा चारी दिशांना फिरून येते. चक्की दुप्पट वेगाने फिरली तर ओढ दुप्पट होत नाही, चौपट होते: बावीस किलोच्या वर. माशीने तेच घर मध्यापासून दहा सेंटिमीटरवर बांधलं, तर ५०० फेऱ्यांना ओढ जेमतेम अर्धा किलो. माशीला आडोसा लागतो, तो हबजवळच्या खाचाखोचांत जास्त मिळतो, हे आपलं नशीब.

आता मातीचं सोडून खुद्द पात्याकडे बघा. एक किलोचं पातं, त्याच्या वजनाचा मध्य हबपासून अर्ध्या मीटरवर. ५०० फेऱ्यांना ते हबमधून निसटायला १४० किलोच्या जोराने धडपडत असतं. तिन्ही पाती तशीच. तीन दिशांच्या तीन ओढी एकमेकींना तंतोतंत मारतात म्हणून बाहेर काहीच जाणवत नाही. चक्की शांत फिरते आणि आपण म्हणतो, काय छान वारा आहे. चांगल्या चक्कीची शांतता अशी मोठमोठ्या बळांच्या वजाबाकीतून आलेली असते. वजाबाकीत थोडी बाकी उरली, की तेवढी बाकी खांबाला कळते.

त्यातून मराठवाड्यातला हिंगोली हा काही वाऱ्याचा जिल्हा नव्हे. महाराष्ट्रातल्या मोठ्या पवनचक्क्या साताऱ्याच्या चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारावर, धुळ्याच्या ब्राह्मणवेलला, सांगलीकडे, अलीकडे बीडच्या माळांवर. हिंगोलीची ओळख वसमतची हळद, सोयाबीन, कापूस, नरसी नामदेव आणि औंढ्याचा नागनाथ. वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे मंद वाऱ्याच्या मुलखात घरगुती चक्कीचं गणित अवघड बसतं. दोन मीटर व्यासाच्या चक्कीला सेकंदाला तीन मीटरच्या झुळुकीत पंधराएक वॅट मिळतात, पाच मीटरला सत्तर, आणि दहा मीटरला साडेपाचशेच्या पुढे. पोटापाण्याच्या विजेसाठी सौर पॅनेल घ्यावं, हे माझं स्पष्ट मत. पण आषाढात आभाळ भरून येतं, पॅनेल सुस्तावतं आणि नेमका तेव्हाच वारा जोरात असतो. या जोडीसाठीच सूर्य-पवन संकरित संच निघाले, आणि केंद्राच्या योजनेतून ‘मेडा’ या राज्याच्या ऊर्जा संस्थेने महाराष्ट्रात त्यांना अनुदानही दिलं. हिंगोलीत ज्याने हौसेने चक्की बसवली आहे, त्याला सहसा एक गोष्ट ठाऊक नसते: तो ज्या जिल्ह्यात राहतो तो जिल्हा जगातल्या सर्वांत चिकित्सक थरथर-मोजणाऱ्यांनी वेचून घेतला आहे. तिकडे येऊच.

आजारी चक्कीला पहिला प्रश्न एकच विचारायचा: फेरीला किती झटके? एका पात्याच्या टोकाला लाल रंगाचा पट्टा मारून मोबाइलवर स्लो मोशन व्हिडिओ घ्यायचा. सेकंदाला २४० चित्रं टिपणाऱ्या मोबाइलवर, ५०० फेऱ्यांच्या वेगाला, एका फेरीत जवळपास २९ चित्रं येतात. खांबाचा शेंडा कधी कुठे झुकतो आणि तेव्हा लाल पातं कुठे असतं, हे त्यात ढळढळीत दिसतं. डोळ्याला जी नुसती डुगडुग वाटते तिला ठेका असतो, आणि दोषाचं नाव त्या ठेक्यात असतं.

फेरीला एक झटका, आणि वेग वाढेल तसा झपाट्याने वाढणारा: वजनात फरक. लाल पट्ट्याशी त्याचं नातं पक्कं असतं. खांब दर वेळी त्याच पात्याच्या बाजूला खेचला जातो. कारण माशीच असेल असं नाही. फायबरचं पोकळ पातं चिरलं तर पावसाचं पाणी आत शिरतं. सागवानी पात्याची आणखी मजा. चक्की महिनाभर एकाच स्थितीत बांधून ठेवली, तर खाली लोंबणाऱ्या पात्यावरून पाणी ओघळून टोकाशी थांबतं, रंगाला बारीक तडा असला तर लाकूड ते पितं, आणि एक पातं बाकीच्या दोघांपेक्षा जड होऊन बसतं. म्हणून चक्की बांधून ठेवायची असेल तर मधूनमधून पातं बदलून बांधावी.

उपाय टायरवाल्याच्या दुकानात रोज चालतो. चाक बॅलन्स करताना तो रिमच्या हलक्या बाजूला शिशाचे तुकडे ठोकतो; चक्कीला तेच करायचं, फक्त मशीन लागत नाही. पाती हबसकट उतरवून बंद खोलीत न्यायची, पंखा बंद, खिडक्या बंद. हबच्या अगदी मध्याखाली टोकदार खिळा धरून सगळा साचा त्यावर आडवा तोलायचा. जड बाजू झुकते. समोरच्या हलक्या बाजूला, हबजवळ, वायसर ठेवत जायचं. एक, दोन, अडीच... तोल साधला की ते वायसर बोल्टने पक्के करायचे. ही परीक्षा कमालीची नाजूक आहे. खोलीत कुणी जोरात शिंकलं तरी साचा डोलतो.

फेरीला एकच झटका, पण तोल तपासला तर चोख. आणि थरथर वेगापेक्षा वाऱ्याच्या जोराबरोबर वाढते, शिवाय चक्की डावी-उजवी मान हलवते. इथे वजनं सारखी आहेत, पण पाती वाऱ्याला सारखी भिडत नाहीत. एक पातं दोन अंश जास्त वळलंय किंवा पुढे झुकलंय, ते जास्त वारा पकडतं. मिस्त्रीची युक्ती साधी: वारा नसताना खांबाला एक काठी बांधायची, प्रत्येक पातं हाताने फिरवून खाली आणायचं आणि त्याच्या टोकाचं काठीपासूनचं अंतर मोजायचं. तिन्ही अंतरं सारखी हवीत. मग टोक ते टोक अशी तीन अंतरंही मोजायची. त्रिकोण समभुज नसला तर एखादं पातं हबवर तिरपं बसलंय. बहुतेक वेळा पात्याच्या बुडाशी अडकलेला रंगाचा पोपडा किंवा तुसाचा कण निघतो. बुडाशी अर्ध्या मिलिमीटरची फट राहिली की टोकाशी तिचे चांगले पाच-सहा मिलिमीटर होतात.

याच घराण्यातला एक विनोदी दोष आहे, आणि तो वाटतो त्यापेक्षा जास्त आढळतो: पाती उलटी बसवलेली. पात्याची सपाट बाजू वाऱ्याकडे हवी, फुगीर बाजू खांबाकडे. उलटी लावली तरी चक्की फिरते, म्हणून कुणाला संशय येत नाही. वीज मात्र अंगाला लागत नाही. वर्ष-वर्ष लोक बॅटरीला बोल लावत बसतात.

पात्याची धारही बघावी. ५०० फेऱ्यांना टोकाचा वेग ताशी १८८ किलोमीटर. पावसाचा थेंब, एप्रिलमधली धूळ, सगळं त्या वेगाने पुढच्या कडेवर आपटतं. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट मराठवाडा विसरलेला नाही. तशा गारांनी रंगच काय, लाकूडही खरवडून निघतं. कड खडबडीत झाली की पात्यावरून नितळ वाहणारी हवा भोवरे घ्यायला लागते आणि चक्की पूर्वीचा वेग गाठत नाही. कडेला लावलेली संरक्षक पट्टी सुटली तर शीळ वाजते. ही शीळ रात्री शेजाऱ्यांना आधी ऐकू जाते.

आता हब. जोराच्या वाऱ्यात गप्प असणारी चक्की मंद वाऱ्यात प्रत्येक फेरीला ‘टक’ करते. विचित्र वाटतं, पण कारण सुरेख आहे. पातं आडवं असताना त्याचं वजन बोल्टवर एका बाजूने पडतं. अर्ध्या फेरीनंतर ते दुसऱ्या अंगाला आडवं होतं आणि भार उलट बाजूने येतो. बोल्ट सैल असेल तर पातं दर फेरीला त्या फटीत इकडून तिकडे पडतं, तोच आवाज. वेग वाढला की १४० किलोची ओढ पात्याला बाहेरच्या बाजूला घट्ट ताणून धरते आणि आवाज बंद होतो. म्हणजे चक्की वेगात गप्प बसली म्हणून बरी झाली असं मुळीच समजू नये.

भाराची ही उलथापालथ फेरीला एकदा. मिनिटाला सरासरी ३०० फेरे आणि वर्षात ४००० तास चक्की फिरली, तर वर्षाला ७ कोटी २० लाख वेळा. एवढ्या वेळा मागेपुढे वाकवलं की जो भार धातू एकदा सहज पेलतो त्याच भाराने तो तुटतो. १८४२ साली फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसकडे निघालेल्या आगगाडीच्या इंजिनाचा आस असाच तुटला आणि पन्नासहून अधिक माणसं गेली. लोखंड थकतं म्हणजे नेमकं काय, याचा शोध तिथून नेटाने सुरू झाला आणि पुढे जर्मनीत ऑगस्ट व्होलर याने रेल्वेच्या आसांवर वर्षानुवर्षं प्रयोग करून त्याचे नियम बसवले. चक्कीच्या हबवरची भेग नेहमी छिद्राच्या कडेला किंवा वेल्डिंगच्या टोकाला सुरू होते. गंजाची केसाएवढी तांबूस रेघ दिसली की ती भेगच समजायची. भेगेत पाणी शिरून आतला गंज बाहेर झिरपतो. त्या हबला पुन्हा वेल्डिंग मारून चालवणं हा जिवाशी खेळ. नवा हब घ्यावा.

बोल्ट सैल पडायला आपल्याकडे हवामानही हातभार लावतं. पावसाळ्यात घट्ट आवळलेलं लाकडी पातं एप्रिल-मेच्या कोरड्या झळांत आक्रसतं, नटाखालची पकड ढिली होते. म्हणून मृगाच्या आधी, मेच्या शेवटी, एकदा वर जायचंच. नट आवळताना एकापाठोपाठ शेजारचा न घेता समोरासमोरचे घ्यायचे, प्रत्येक थोडाथोडा. मग नटावरून हबवर जाणारी रंगाची एक सरळ रेघ ओढायची. नट हलला की रेघ मोडते आणि खालून दुर्बिणीतूनसुद्धा दिसते. पान्हा घेऊन चढायची गरज पडत नाही. नायलॉनचा नट एकदा काढला की पुन्हा लावू नये. दोन-पाच रुपयांत नवा मिळतो. आणि खंडेनवमीला यंत्राची पूजा जरूर करावी, पण झेंडूचा हार खांबाला घालावा. एका पात्याला बांधून ठेवलेला पावशेराचा हार विसरला आणि रात्री वारा सुटला तर काय होईल, हे वरच्या हिशेबावरून ज्याने त्याने काढावं.

खरं बेअरिंग कधी जातं? पात्यांची टोकं धरून पुढे-मागे हलवली आणि हबमध्ये खटखट लागली तर ‘प्ले’ आलाय. चक्की हाताने सावकाश फिरवून लांब पेचकसाचं टोक बेअरिंगच्या घरावर आणि मूठ कानाच्या हाडावर टेकवायची: चांगलं बेअरिंग सळसळतं, खराब झालेलं करकरतं. कधी मात्र चक्की जड फिरते, गुरगुरते, आणि दोष ना पात्यात असतो ना हबमध्ये. खांबाच्या आत केबल घासून दोन तारा एकमेकींना चिकटलेल्या असतात. जनित्र स्वतःवरच ब्रेक लावत असतं. वारा नसताना खाली तारा सोडून चक्की फिरवून पाहायची. हलकी झाली तर दोष रेक्टिफायरकडे, तरीही जडच राहिली तर खांबातल्या केबलकडे. हब खोलण्याआधी ही परीक्षा घ्यावी, निम्मी मेहनत वाचते. आणि कुठलीही परीक्षा घेताना पात्यांच्या फिरण्याच्या रेषेत उभं राहायचं नाही. सुटलेलं पातं पुढेही जात नाही, मागेही जात नाही. त्या रेषेतच सणसणत जातं.

फेरीला तीन झटके हे तीन पात्यांच्या चक्कीचं नेहमीचं लक्षण. खांबासमोरचा वारा खांबामुळे किंचित अडलेला असतो, आणि प्रत्येक पातं त्या पट्ट्यातून जाताना क्षणभर ढिलावतं. सेकंदाला आठ-सव्वाआठ फेरे म्हणजे असे २५ झटके; हीच ती घुमघुम. ती ठराविक वाऱ्यालाच अंगावर येते, वारा त्याहून वाढला किंवा कमी झाला की विरते, असं असेल तर खांबाचा स्वतःचा ठेका आणि पात्यांचा ठेका जुळलाय. ताणाच्या तारा कमी-जास्त आवळल्या की खांबाचा ठेका सरकतो आणि भांडण मिटतं.

राहिला फेरीला दोन झटक्यांचा प्रकार. तीन पात्यांच्या चक्कीत तो जवळजवळ दिसत नाही. दोन पात्यांच्या चक्कीत तो हटकून असतो, आणि तोल कितीही चोख केला तरी जात नाही. का, ते हातात काठी घेऊन कळतं. काठी मधोमध धरून आडवी ठेवा आणि स्वतःभोवती गिरकी घ्या. मग तीच काठी अंगालगत उभी धरून गिरकी घ्या. आडव्या काठीला वळवायला जोर लागतो, उभीला लागत नाही. दोन पात्यांची चक्की फिरता फिरता फेरीत दोनदा आडवी आणि दोनदा उभी होते. वाऱ्याने दिशा बदलली, शेपटीने चक्कीला वळवायला सुरुवात केली, की ती दोनदा अडते, दोनदा सुटते. अडली, सुटली, अडली, सुटली. हब आणि पात्यांची बुडं यात झिजून जातात.

अमेरिकेत मोंटाना राज्यातल्या आपल्या कुरणावर मार्सेलस आणि जो या जेकब्ज भावांनी १९२० च्या दशकात चक्क्या बांधल्या, तेव्हा त्यांनी सुरुवातीला विमानाचे दोन पात्यांचे पंखेच वापरले होते. वळताना बसणारे हादरे बघून मार्सेलसने तिसरं पातं लावलं आणि हादरे गेले. त्यांची एक चक्की १९३३ मध्ये अ‍ॅडमिरल बर्ड यांच्या मोहिमेबरोबर अंटार्क्टिकाला गेली.

तिसऱ्या पात्याने असं काय होतं? खांबाच्या रेषेपासून पात्याचं टोक आडव्या अंगाने किती लांब आहे, त्याचा वर्ग घ्या. वळवायला लागणारा जोर त्यावर ठरतो. पूर्ण आडव्या पात्याचा आकडा १, पूर्ण उभ्याचा ०. दोन पात्यांची बेरीज उभ्या स्थितीत ०, आडव्या स्थितीत २: फेरीत दोनदा वर-खाली. आता तीन पाती. एक सरळ वर असताना ० + ०.७५ + ०.७५, म्हणजे १.५. एक आडवं असताना १ + ०.२५ + ०.२५, म्हणजे पुन्हा १.५. कुठल्याही कोनात थांबवा, बेरीज दीडच. तीन पाती फिरत असतात आणि वळवणाऱ्या शेपटीच्या दृष्टीने काहीच फिरत नसतं! चार, पाच, सहा पात्यांनाही हे साधतं. पण ज्यात साधतं ती सगळ्यांत लहान संख्या तीन. मला हा आकडा पहिल्यांदा कागदावर जमला तेव्हा मी तो तीन-चार कोनांना पुन्हा करून पाहिला, इतका तो खोटा वाटतो.

आणि इथेच रस्ता औंढा नागनाथकडे वळतो. औंढ्याजवळच्या दुधाळा शिवारात ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वलहरींची वेधशाळा उभी राहायची आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्राने तिला तत्त्वतः मान्यता दिली, ६ एप्रिल २०२३ रोजी सुमारे २६०० कोटी रुपयांच्या प्रकल्पावर शिक्कामोर्तब झालं. काटकोनात दोन भुजा, प्रत्येक चार किलोमीटर लांब. आत निर्वात नळी, टोकांना चाळीस-चाळीस किलोचे आरसे, मधून लेझर. अवकाशातून गुरुत्वलहर गेली की एक भुजा किंचित ताणली जाते, दुसरी किंचित आखडते. किती? प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या भागाएवढी. एवढं टिपायचं तर जमीन शांत हवी. महाराष्ट्रातल्या पवनचक्कीवाल्यांनी ज्या जिल्ह्याकडे पाठ फिरवली, तोच जिल्हा या शोधात पसंतीस उतरला.

गुरुत्वलहरी निघतात कशातून? आइन्स्टाइनच्या सिद्धांताचं उत्तर चक्कीच्या मिस्त्रीला ओळखीचं वाटेल. फिरणारी वस्तू सर्व बाजूंनी सारखी असेल तर ती कितीही वेगाने फिरो, लहर निघत नाही. वस्तुमानाची ठेवण फिरताना आडवी-उभी बदलत राहिली तरच निघते, आणि ती फेरीला दोनदा निघते. दोन पात्यांची चक्की म्हणून तत्त्वतः गुरुत्वलहरी सोडते, अर्थात मोजता येणार नाहीत इतक्या क्षीण. तीन सारख्या पात्यांची चक्की त्या जातीच्या लहरी सोडत नाही: तोच दीड आड येतो. जेकब्जला शेपटीत जाणवलेला हादरा आणि दूर अवकाशातून येणारी लहर, दोन्हींच्या मुळाशी एकच बेरीज आहे.

१४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या दोन लायगोंनी जी पहिली लहर पकडली, ती दोन पात्यांच्याच यंत्राची होती: सूर्याच्या सुमारे ३६ पट आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरं, सव्वाशे कोटींहून अधिक प्रकाशवर्षं दूर, एकमेकांभोवती फिरत जवळ येणारी. लहरीची कंपनं सेकंदाला ३५ पासून चढत २५० पर्यंत गेली, सगळा खेळ सेकंदाच्या पाचव्या भागात आटोपला. ३५ कंपनं म्हणजे साडेसतरा फेरे. फेरीला दोन झटके. सूर्याहून कितीतरी जड गोळे, आणि वेग आपल्या चक्कीच्या दुप्पट!

गोंगाटातून असा ठेका वेचायचा कसा, याचं गणित बसवणाऱ्यांत पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र केंद्रातले संजीव धुरंधर आहेत. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून त्यांनी आणि सहकाऱ्यांनी अपेक्षित लहरींचे साचे तयार करून नोंदींवर लावून बघायच्या पद्धती घडवल्या. लायगोवाल्यांचा निम्मा जन्म मात्र खोटे ठेके हाकलण्यात जातो. त्यांचा कान सेकंदाला दहा कंपनांच्या पुढे उघडतो. आपल्या चक्कीची २५ ची घुमघुम त्या टप्प्यात येते. घरगुती चक्कीची थरथर मातीत लवकर विरते, पण मोठ्या चक्क्यांची गोष्ट वेगळी. इटलीत पिसाजवळच्या ‘व्हर्गो’ वेधशाळेच्या परिसरात तपास केला तेव्हा एका पवनशेताचं सेकंदाला १.७ कंपनांचं हादरणं, परिस्थिती जुळली तर, अकरा किलोमीटरवरही जमिनीत सापडलं. स्कॉटलंडमध्ये एस्कडेलम्यूरच्या भूकंपमापकांभोवती दहा किलोमीटरच्या आत पवनचक्क्यांना मज्जावच आहे. अमेरिकेत हॅनफर्डच्या लायगोला तर नुसत्या वाऱ्याचा त्रास: इमारतीवर वारा आदळतो, जमीन तसूभरही नाही इतकी कलते, आणि तेवढ्याने लेझरचा मेळ सुटतो. शेवटी भुजांच्या टोकांशी वारा अडवणारी जाळीची कुंपणं घातली.

त्याच हॅनफर्डमध्ये २०१७ च्या उन्हाळ्यात नोंदींमध्ये एक नवीन टकटक येऊ लागली. शोध घेतला तर द्रव नायट्रोजनच्या वाफेच्या नळीवर बर्फ साचला होता आणि तहानलेले डोमकावळे तो टोचत होते. शास्त्रज्ञांनी बर्फावर स्वतः टकटक करून तसाच ठसा उमटतो का ते पाहिलं, आणि नळीला आवरण घातलं. कुंभारीण माशीचं काम तरी वर्षातून एकदाच निस्तरावं लागतं.

लायगोला अजून न सापडलेली एक गोष्ट शुद्ध चक्कीच्या दोषाची आहे. न्यूट्रॉन तारा म्हणजे सूर्याएवढं वस्तुमान साधारण दहा किलोमीटर त्रिज्येच्या गोळ्यात दाबलेलं. काही सेकंदाला शेकडो फेरे घेतात. अशा ताऱ्याच्या अंगावर एका बाजूला जरासा उंचवटा असेल, तर तो फेरीला दोनदा, वर्षानुवर्षं, न थांबता गुरुत्वलहर सोडील. ही लहर इतकी मंद असते की ती ऐकायला महिनोन्‌महिन्यांच्या नोंदी एकावर एक रचाव्या लागतात. जितका वेळ जास्त ऐकाल तितका लहान उंचवटा पकडता येईल. सेकंदाला १७० हून जास्त फेरे घेणाऱ्या दोन ताऱ्यांच्या नोंदी अशा तपासल्या. काहीच ऐकू आलं नाही. त्या नाहीतूनच उत्तर निघालं: त्या ताऱ्यांवर उंचवटा असलाच तर तो माणसाच्या केसाच्या जाडीएवढाही नाही. कुठल्याही लेथवर आजवर कातलेली कुठलीही वस्तू त्या प्रमाणात इतकी गोल नाही. दुधाळ्याचं यंत्र सुरू झालं की असे तारे पुन्हा तपासले जातील, आणि अमेरिका-युरोपपासून इतक्या लांबचा एक कान वाढल्यामुळे कुठल्याही लहरीचं आकाशातलं ठिकाण आजच्यापेक्षा पुष्कळ नेमकं सांगता येईल.